पोराचा कागद

पाव्हणे येणार म्हटलं की शिवाप्पांच्या घरात सगळ्यात आधी औषधाची पिशवी लपायची. झाडझूड नंतर, फराळाचं नंतर. पहिली ती पिशवी. त्यांची बायको भागम्मा ती उचलायच्या आणि आतल्या खोलीत ज्वारीच्या कोठीमागं नेऊन ठेवायच्या.

त्या दिवशी गंगाखेडहून महारुद्रप्पा येणार होते. शिवाप्पांच्या लेकीचं, शिवानीचं लग्न त्यांच्या मुलाशी, पंकजशी ठरलं होतं आणि वैशाखातली तारीख धरायची होती.

"आगं, दुपारची गोळी ऱ्हायली की," शिवाप्पा हळूच म्हणाले.

"पाव्हणे गेल्यावर घ्या. एक येळ उशीर झाला म्हणून काय व्हतंय? अन् त्यांच्यासमोर जिन्यावर थांबू नका मधीच. दम लागला तर गुडघा दुखतो म्हणा."

शिवाप्पांनी मान हलवली. सेलूच्या बाजारात त्यांचं भांड्यांचं दुकान होतं. वय एक्कावन्न. दारू नाही, तंबाखू नाही, मांसाहार तर घराण्यातच नाही. सकाळी लिंगपूजा केल्याशिवाय तोंडात पाणी घेत नसत. अशा माणसाला दोन महिन्यांपूर्वी दुकानात पातेल्यावर नाव कोरता कोरता दम लागला, आणि तो दम बसल्यावरही कमी होईना. परभणीच्या दवाखान्यात नेलं तेव्हा कळलं, दुखणं हृदयाचं आहे.

घरात सगळ्यांच्या मनात एकच आलं. बोललं कुणीच नाही. शिवाप्पांचे वडील एकोणपन्नासाव्या वर्षी अंघोळ करून बाहेर आले आणि उंबऱ्यातच बसले, ते उठलेच नाहीत. धाकटा भाऊ गुरुलिंग दोन वर्षांपूर्वी गेला, चव्वेचाळिसाव्या वर्षी, बाजारात लोकांशी बोलता बोलता. "त्या घराला लागलंय," असं गावात लोक कुजबुजायचे. आणि ज्या घराला काही लागलंय, त्या घरातली मुलगी कोण करून घेणार? म्हणून पिशवी लपायची.

पण शिवाप्पांचा खरा घोळ पिशवीचा नव्हता. घोळ डोक्यात होता. दवाखान्यातल्या डॉक्टर अर्पितांनी जे सांगितलं होतं, ते त्यांना काही केल्या पचत नव्हतं.

डॉक्टर म्हणाल्या होत्या, "तुमच्या हृदयाच्या नळ्या साफ आहेत. अडथळा कुठंच नाही."

शिवाप्पांना बरं वाटायला हवं होतं. पण नळी तुंबली हे त्यांना समजलं असतं. नळी साफ, मग दम का लागतो?

"हृदयाचा स्नायू अशक्त झालाय. पंपिंग साठ टक्क्यांच्या आसपास पाहिजे, ते तुमचं तेहतीस आहे," डॉक्टर म्हणाल्या. "असं बघा, हृदय रात्रंदिवस काम करतं. त्याला सारखं इंधन लागतं. बहुतेक करून ते चरबी जाळतं, थोडी साखर. कधी काय जाळायचं, किती जाळायचं, हे आपल्या जनुकांमध्ये लिहिलेलं असतं. पण लिहिलेलं सगळं एकाच वेळी चालू नसतं. काही चालू, काही बंद. ते चालू-बंद करणारे खटके शरीरातच असतात. तुमच्या घराण्यात त्यात कुठंतरी जन्मापासूनच उणीव असावी, असा मला संशय आहे. त्यावर तुमचं बीपी वाढलं, रक्तातली साखर वाढली, आणि ते खटके आणखी बिघडले."

"म्हंजी नेमकं झालं काय?"

"बाळ आईच्या पोटात असतं तेव्हा त्याचं हृदय जास्त करून साखरेवर चालतं. जन्मल्यावर काही दिवसांत ते चरबीवर येतं. हृदय थकलं, दुखावलं, की त्यातले पोटातल्या बाळाच्या वेळचे काही खटके पुन्हा चालू होतात. पण शरीर एक्कावन्न वर्षांच्या माणसाचं! त्याला शक्ती पुरत नाही. हृदय गोंधळतं म्हणा ना."

"मग हे जन्मापासूनचं हाय का माझ्या खाण्यापिण्यानं झालं?"

"दोन्ही," डॉक्टर म्हणाल्या. "जन्मापासूनचंही आहे आणि आपल्या हातातलंही आहे. गोळ्या बंद करायच्या नाहीत. आणि तुमच्या दोन्ही मुलांना तपासायला घेऊन या. दोघांनाही."

जन्मापासूनचंही आहे आणि हातातलंही आहे! शिवाप्पा परतीच्या गाडीत मानवत रोडपर्यंत हेच घोकत होते. जन्मापासूनचं असेल तर हातात काय? आणि हातात असेल तर मी असं काय केलं? त्यांनी आयुष्यभर नेमानं वागून बघितलं होतं. मग हे कशाचं फळ?

घरी आल्यावर त्यांनी भागम्मांना अर्धंच सांगितलं. मुलांना तपासायचं म्हणालेत, एवढं मात्र सांगितलं.

भागम्मा हातातलं काम टाकून उभ्या राहिल्या. "शिवानीला? येड लागलं का तुमाला! मशिनीत घालून कागद निघाला, अन् कागदात कायबी आलं, तर? लगीन होऊ द्या. मग बघू."

"दोघांनाबी म्हणालेत."

"विरेशला काय झालंय? एवढा धट्टाकट्टा. पोराला काय करायचंय तपासून!"

विरेश बावीस वर्षांचा. दुकानाचा माल तोच उतरवायचा. सकाळी जिममध्ये जायचा, कसलीशी पावडर दुधात घालून प्यायचा, आणि आईच्या नजरेआड गुटखा खायचा. त्याचं नाव निघालं आणि तिथंच संपलं. विषय राहिला तो शिवानीचा. शिवानी चोवीस वर्षांची, गावातल्या शाळेत शिकवायची. तिनं एकदा विचारलंही, "अप्पा, डॉक्टर नेमकं काय म्हणाले?" शिवाप्पा म्हणाले, "काही न्हाई गं, आराम करा म्हणाले." मुलीशी खोटं बोलताना त्यांना तिच्याकडं बघवलं नाही.

पाव्हणे आले, वैशाखातली तारीख धरून गेले, आणि मग शिवाप्पा दहा जणांना विचारू लागले. स्वतःचं नाव न घेता, "आमच्या एका पाव्हण्याला असं असं झालंय" म्हणून. कुणी म्हणालं, तेल बंद करा. कुणी म्हणालं, तेलानं काही होत नाही, साखर बंद करा. एकानं मोबाइलवर कसल्याशा सालीच्या काढ्याचा व्हिडिओ पाठवला. शेजारचा कापडवाला मात्र ठामपणे म्हणाला, "खानदानी बिमारी हाय ना? मग औषधानं काय होतंय! रक्तात लिहिलेलं गोळीनं पुसतंय व्हय?"

हे बोलणं शिवाप्पांना पटलं. खरं तर पटलं नाही, सोपं वाटलं. सगळ्या गोंधळात तेवढंच एक सरळ होतं. त्यांनी गोळ्या बंद केल्या.

नवव्या दिवशी त्यांची पावलं सुजली. चप्पल चढेना. ते दुकानात स्टुलावर पाय वर घेऊन बसले होते, तेव्हा अनंतराव आले.

अनंतराव नगरपालिकेत जन्ममृत्यू नोंदणीचे कारकून होते. दोन वर्षांमागं निवृत्त झाले. सेलूत जन्मलेलं आणि गेलेलं बहुतेक माणूस त्यांच्या हाताखालून गेलेलं. नातीसाठी डबा घ्यायला आले होते. डबा हातात घेतला आणि त्यांची नजर खाली गेली.

"शिवाप्पा, पाय दाखवा."

"काय न्हाई, उभं ऱ्हाऊन ऱ्हाऊन..."

अनंतरावांनी वाकून घोट्यावर बोट दाबलं. बोट काढलं तरी खळगा तसाच राहिला. ते समोरच्या बाकावर बसले. डबा बाजूला ठेवला.

"गुरुलिंगचे पाय पण असेच सुजलेले होते. आठवतंय?"

शिवाप्पांनी पाय खाली ओढून घेतले. मग त्यांचा बांध फुटला. डॉक्टर, पंपिंग, खटके, आईच्या पोटातलं बाळ, लपवलेली पिशवी, बंद केलेल्या गोळ्या, सगळं एका दमात सांगून टाकलं. "मला कायबी समजंना झालंय हो अनंतराव! एक डाव म्हणतात जन्मापासूनचं, एक डाव म्हणतात हातातलं. मी कुणाचं ऐकू? जन्माबरोबरच आलं असल तर गोळी खाऊन काय उपेग?"

अनंतरावांनी चष्मा काढला. "हे बघा. माझ्या वडिलांचे डोळे अधू होते, माझे अधू, माझ्या लेकीचेही. जन्माबरोबरच आलंय. म्हणून हा चष्मा मी फेकून देऊ का? फेकला तर आता घरी जाताना मोटरसायकलखाली येईन. आणि लोक म्हणतील, नशिबात होतं!"

शिवाप्पांना हसू आलं नाही.

"डॉक्टरचं शास्त्र मला कळत नाही," अनंतराव पुढं म्हणाले. "मी कारकून माणूस. पण मला एक गोष्ट ठाऊक आहे, ती आज सांगतो. तुमच्या वडिलांच्या मृत्यूची नोंद मी केली. गुरुलिंगची केली. त्याआधी तुमच्या चुलत्याची, ते सत्तेचाळीसचे होते. तिन्ही ठिकाणी कारण एकच लिहिलंय, माझ्याच अक्षरात. गुरुलिंगचं लिहिताना माझा हात थांबला होता. वाटलं, शिवाप्पाला बोलवावं आणि सांगावं, बाबा, तुझ्या घरात हे तिसरं आहे, तू स्वतःला दाखवून घे. पण म्हटलं, आपण कशाला अभद्र बोलायचं? शिक्का मारला आणि चहा प्यायला गेलो. दोन वर्षं झाली. तेव्हा बोललो असतो तर कदाचित तुमचं पंपिंग तेहतीसवर आलं नसतं."

"तुमची काय गलती?"

"गप्प बसलो, हीच. आणि आता तुम्ही तेच करायलात. तुम्हाला वाटतंय, आपण हे महारुद्रप्पांपासून लपवायलोत. अहो, महारुद्रप्पांचं काय जाणार आहे? तुम्ही हे तुमच्या लेकरांपासून लपवायलात! जे तुमच्या रक्तात आहे ते त्यांच्या रक्तात असेल-नसेल, ते तुम्हाला माहीत नाही, त्यांनाही माहीत नाही. तुम्हाला निदान दम लागला म्हणून कळलं. गुरुलिंगचे पाय सुजले, पण ते कशानं, हे त्याला कुणी सांगितलंच नाही."

शिवाप्पांच्या डोळ्यासमोर बाजारातला तो दिवस आला. गुरुलिंग हसत काहीतरी सांगत होता, आणि वाक्य अर्धंच राहिलं होतं.

त्यांनी तिथंच, दुकानात बसल्या बसल्या, परभणीला फोन लावला. डॉक्टर आधी खूप रागावल्या, मग म्हणाल्या, "आजच्या आज या."

गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. चार दिवसांत सूज उतरली. पण भागम्मांना तयार करायला आणखी आठवडा गेला. शेवटी शिवानीनंच आईला सांगितलं, "आई, मला तपासायचंय. लग्न मोडलं तर मोडू दे. काकूकडं बघ एकदा. काका गेल्यावर दोन लेकरं घेऊन बसलीय ती. मला काय झालंय ते न बघताच तू मला कुणाच्या घरात पाठवणार?" भागम्मांनी पदर खोचला आणि प्रवासाचा डबा भरायला घेतला. विरेश बरोबर निघाला तो केवळ सामान धरायला आणि अप्पांना गाडीत चढवायला.

दवाखान्यात शिवानीच्या हृदयाची इको तपासणी दहा मिनिटांत झाली. मग डॉक्टर म्हणाल्या, "विरेश, तू पण ये."

"मला कशाला मॅडम? मी शंभर किलो उचलतो."

"ये तरी."

भागम्मा बाहेर बाकावर बसून होत्या. गळ्यातलं इष्टलिंग मुठीत धरलं होतं आणि ओठ हलत होते. सगळी विनवणी शिवानीसाठी होती. विरेश आत जाऊन दहा मिनिटं झाली, वीस झाली. एकदा नर्स बाहेर येऊन पुन्हा आत गेली. चाळीस मिनिटांनी दार उघडलं.

डॉक्टरांनी सगळ्यांना समोर बसवलं. "शिवानीचं हृदय आज व्यवस्थित आहे. विरेशचं नाही. त्याचं पंपिंग बेचाळीस आहे आणि हृदय थोडं फुगलंय. साखरही काठावर आहे."

विरेश कसनुसा हसला. शिवाप्पा डॉक्टरांच्या तोंडाकडं बघत राहिले. आणि भागम्मा एकदम म्हणाल्या,

"कागद बदलले असतील बाई. नावं बघा पुन्यांदा. तो कागद पोरीचा आसल!"

शिवानीनं आईकडं बघितलं. भागम्मांच्या तोंडून काय गेलं ते त्यांना त्या नजरेतून कळलं, आणि त्यांनी पदर तोंडाला लावला.

"कागद बदललेले नाहीत," डॉक्टर सावकाश म्हणाल्या. "आजार मुलगा-मुलगी बघून येत नाही, ताई. आईवडिलांकडून हा दोष मुलीला जाण्याची जेवढी शक्यता, तेवढीच मुलाला."

"पण याला तर काहीच त्रास न्हाई!" शिवाप्पा म्हणाले.

"म्हणूनच वेळेत आलात. त्रास सुरू व्हायच्या आधी कळलं."

विरेश खुर्चीच्या कडेला सरकला. "मॅडम, म्हंजी मी आता... काकासारखा..."

"नाही. तुझ्या काकांना कुणी सांगितलं नव्हतं, तुला मी सांगतेय. गोळ्या चालू करायच्या. शंभर किलो उचलणं बंद, चालणं चालू. ती पावडर बंद. गुटखा आजपासून बंद." भागम्मांनी चमकून मुलाकडं बघितलं. "साखर आणि बीपी ताब्यात ठेवायचं. हृदयात काय जाळायचं ते ठरवणारे खटके या सगळ्यावर हलतात. जनुक आपल्याला बदलता येत नाही. पण त्याच्यावर पडणारा भार कमी करता येतो."

शिवानीनं विचारलं, "आणि मी? मी सुटले का?"

"खोटं सांगणार नाही. आज ठीक आहेस. दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा बघायचं. तुझ्या अप्पांच्या रक्तातून जनुकांची तपासणीही करू, पण त्यातून सगळी उत्तरं मिळतील असं समजू नका. यातलं बरंच अजून आम्हालाही नीट उलगडलेलं नाही. थकलेलं हृदय इंधन बदलतं, ते स्वतःला वाचवायला की त्यानंच जास्त बिघडतं, यावर अजून वाद चालू आहेत."

डॉक्टरलाही सगळं माहीत नाही! शिवाप्पांना आधी भीती वाटली. मग का कोण जाणे, जरा धीर आला. न समजणारे आपण एकटेच नव्हतो.

परतीच्या गाडीत भागम्मा शिवानीच्या शेजारी बसल्या. मग त्यांनी लेकीचा हात धरला. "माझ्या तोंडाला काय झालं व्हतं गं," एवढंच म्हणाल्या. शिवानीनं हात सोडवून घेतला नाही. तिला रडू येत होतं, आणि समोर बसलेल्या भावासाठी येतंय की स्वतःसाठी, ते तिलाच कळत नव्हतं.

दोन दिवसांनी शिवाप्पा गंगाखेडला गेले आणि महारुद्रप्पांना सगळं सांगितलं. काहीच झाकलं नाही.

महारुद्रप्पा गोंधळून गेले. "म्हंजी पोरगी चांगली हाय ना?"

"आज चांगली हाय. दोन-तीन वर्षांनी परत बघायचं म्हणालेत."

"आज चांगली म्हंजी काय शिवाप्पा? हाय का न्हाई, ते एक सांगा की!"

"ते डॉक्टरलाबी सांगता येत न्हाई. मला कुठून येणार?"

आठ दिवस गंगाखेडहून निरोप नव्हता. नवव्या दिवशी महारुद्रप्पा पंकजला घेऊन सेलूला आले. एकमेकांना 'शरणार्थ' म्हणून झालं, चहा झाला. मग ते घसा खाकरून म्हणाले, "आमी इचार केला. पोरगी गुणाची हाय, आमाला मोडायचं न्हाई. फकस्त डॉक्टरकडून एक लिहून आणा. पुढं हिला कायबी होणार न्हाई म्हणून. मग आमी तयार."

शिवानी दारातच उभी होती. ती पुढं आली. "काका, असा कागद जगातला कुठलाच डॉक्टर कुणालाच लिहून देणार नाही. माझा आजचा कागद तुम्ही बघितला. मी लपवला नाही. पंकजचा कागद कुठंय?"

"पंकजचा?" महारुद्रप्पा चकित झाले. "पोराला काय करायचंय तपासून?"

आणि तेव्हा भागम्मा उठल्या! ज्या बाईनं आजवर पाव्हण्यांसमोर आवाज चढवला नव्हता, ती बाई आतून विरेशचा तपासणीचा कागद घेऊन आली आणि महारुद्रप्पांच्या पुढ्यात ठेवला.

"हा माझ्या पोराचा कागद हाय, भाऊ. वाचा. मीबी हेच म्हणले व्हते, पोराला काय करायचंय तपासून. साऱ्या घराचा घोर लेकीच्या जिवाला लावला, अन् दुखणं लेकाच्या छातीत निघालं. लगीन होईपर्यंत मी गप बसले असते, तर ह्यो लेक मांडवातच पडला असता. मी बायकांत ऊर बडवीत बसले असते, अन् लोक म्हणले असते, घराला लागलंय!" त्यांनी कागदावर बोट ठेवलं. "पोरगी तपासून घेता, तर पोरगाबी तपासा. न्हाईतर लगीन ऱ्हाऊ द्या."

महारुद्रप्पांनी कागद हातात घेतला. त्यांना त्यातलं इंग्रजी वाचता येत नव्हतं, तरी ते बराच वेळ त्याच्याकडं बघत बसले. त्यांना राग आला होता की लाज वाटत होती, सांगणं अवघड होतं. बहुधा त्यांनाही ते कळत नव्हतं.

बोलला तो पंकज. "बाबा, मी करतो तपासणी. त्यांचं बरोबर हाय."

पंकजचं हृदय ठीक निघालं. पण सत्तावीस वर्षांच्या त्या तगड्या मुलाचं बीपी दीडशेच्या वर होतं, आणि त्याला त्याचा पत्ताच नव्हता! महारुद्रप्पांनी मग स्वतःचंही तपासून घेतलं. त्यांची साखर इतकी वाढलेली होती की डॉक्टरांनी आधी त्यांनाच बसवून घेतलं.

लग्न वैशाखात झालं नाही. ज्येष्ठात, साधेपणानं झालं.

या गोष्टीला आता वर्ष होत आलं. विरेशचं पंपिंग बेचाळीसवरून पन्नासवर आलंय. गुटखा दोनदा सुटून दोनदा लागला, तिसऱ्यांदा सुटला तो अजून तरी सुटलेलाच आहे. गुरुलिंगच्या दोन्ही लेकरांनाही शिवाप्पांनी स्वतः परभणीला नेऊन तपासून आणलं. थोरली ठीक आहे, धाकट्याला दरवर्षी दाखवायला सांगितलंय. शिवाप्पांच्या जनुकांच्या तपासणीचा अहवालही आला. त्यात एका जनुकात बदल सापडला आणि पुढं लिहिलं होतं की, या बदलाचा अर्थ अजून निश्चित सांगता येत नाही. शिवाप्पांनी तो अहवाल अनंतरावांना दाखवला. दोघांनी मिळून तीनदा वाचला आणि दोघांनाही काही उमगलं नाही.

गेल्या महिन्यात परभणीत समाजाचा वधू-वर मेळावा झाला. मुलामुलींच्या ओळखी झाल्या. शिक्षण, नोकरी, शेती, सगळं सांगून झालं. तेव्हा शिवाप्पा हळूहळू पायऱ्या चढून मंचावर गेले. मधे दोनदा थांबले. गुडघा दुखतो, असं कुणाला म्हणाले नाहीत.

"मी भांडी विकणारा माणूस," ते माइकसमोर म्हणाले. "हृदय साखर जाळतंय का चरबी, अन् त्याचे खटके कोण चालू-बंद करतंय, हे मला डॉक्टरांनी पाच वेळा सांगितलं. मला अजूनबी नीट समजलेलं न्हाई. माझ्या घरात हे कुठून आलं, मलाच का आलं, तेबी समजलेलं न्हाई. पण काय करायचं, ते मला समजलंय. माझ्या घरात तीन माणसं पन्नाशीच्या आत गेली अन् आमी चौथ्याची वाट बघत गप बसलो होतो. तुमच्या घरात असं कुणी गेलं असल तर लपवू नका. लेकराला तपासून घ्या. लेकीला घ्या, अन् लेकालाबी घ्या. एवढंच."

टाळ्या फारशा झाल्या नाहीत. लोक एकमेकांकडं बघत राहिले. पण खाली उतरल्यावर चुडाव्याहून आलेला एक जण त्यांच्याजवळ आला आणि इकडंतिकडं बघत हळूच म्हणाला, "आमच्या एका पाव्हण्याला असं असं झालंय..."

शिवाप्पांनी त्याचा हात धरला आणि त्याला बाजूच्या खुर्चीवर बसवलं.

मित्रांनो, आपल्यातल्या किती घरांत असे पाव्हणे आहेत! आजार लपवला म्हणून तो बरा होत नाही. तो फक्त पुढच्या माणसाला बेसावध गाठतो. घराण्याकडून काय मिळालं, ते आपण निवडलेलं नसतं, म्हणून त्याची लाज वाटायचं कारण नाही. आणि मिळालं म्हणून हातपाय गाळून बसायचंही कारण नाही. रक्तदाब, साखर, व्यसन, रोजची गोळी, वेळेवर केलेली तपासणी, एवढं आपल्या हातात आहे, आणि तेवढ्यानं माणूस वाचू शकतो. लग्नाच्या बोलणीत पत्रिका मागतो, तर तपासणीचे कागदही मागू या. पण दोन्ही बाजूंचे, आणि नकार देण्यासाठी नाही, एकमेकांना जपण्यासाठी. सगळं समजेपर्यंत थांबू नका. शास्त्र अजून शोधतंच आहे, त्याला वेळ लागेल. तुमच्या लेकरांकडं तेवढा वेळ असेलच, असं नाही.